उद्या संध्याकाळचं तापमान

आमच्या आरोग्य केंद्रातला लसींचा फ्रिज फार शिस्तीचा होता. बाहेर ऊन तापो, वीज जावो, दार अर्धवट उघडं राहो. त्याचं तापमान सकाळी चार अंश, संध्याकाळी चार अंश. केंद्रात वेळेवर हजर असणारं दुसरं कोणी नव्हतं, पण हा गडी कधी साडेचारसुद्धा झाला नाही. तपासणीला आलेल्या एका वरच्या साहेबांनी तापमानाच्या वहीत शेरा मारला होता, ‘सातत्य उल्लेखनीय’. तो शेरा मी घरी नेऊन वाचून दाखवला होता. कारण ते सातत्य माझं होतं.

मी तिथला कारकून. सगळे भाऊसाहेब म्हणायचे. लस दोन ते आठ अंशांच्या मध्ये ठेवायची, थर्मामीटर दिवसातून दोनदा बघायचा आणि आकडा वहीत लिहायचा, असा नियम. आता थर्मामीटर होता तळाच्या कप्प्यात, खोक्यांच्या मागे, आणि कंबर होती माझी. रोज दोनदा वाकण्यापेक्षा मी महिन्याच्या एक तारखेला चहाचा कप घेऊन बसायचो आणि साठच्या साठ आकडे एका बैठकीत भरून टाकायचो. अगदीच सपक नको म्हणून एखाद्या मंगळवारी पाच. ही कला मला माझ्या आधीच्या भाऊसाहेबांनी शिकवली, त्यांना त्यांच्या आधीच्यांनी. आमच्या खात्यात याला परंपरा म्हणतात. चौकशी लागली की मग तिला दुसरं नाव मिळतं.

चौकशी लागायच्या आधी सिस्टर मागे लागल्या.

सिस्टर म्हणजे आमच्याकडे लहान मुलांना लस टोचणाऱ्या. अंगानं किरकोळ, पण चालणं असं की मागच्याला वाटावं, बाईंची गाडी सुटतेय. सव्वीस वर्षं त्या एकाच वस्तीत दारोदार फिरल्या होत्या. कोणाकडे पाळणा हलणार हे त्यांना बाळाच्या बापाआधी कळायचं. आवाज कधी चढवत नसत, आणि तेच जास्त अवघड. ओरडणाऱ्याला निदान ‘ओरडू नका’ म्हणता येतं.

एका सोमवारी मोठ्या रुग्णालयातून फोन आला. आमच्या वस्तीतली नऊ महिन्यांची मुलगी घटसर्पानं दाखल झाली होती. घशात राखाडी पडदा धरलेला, श्वास घेताना शिटीसारखा आवाज. तिकडचे डॉक्टर विचारत होते, मुलीच्या कार्डावर गेल्या अडीच महिन्यांत तिन्ही मात्रा दिल्याच्या सह्या आहेत, त्या खऱ्या आहेत का? सह्या सिस्टरांच्या होत्या. "खऱ्या आहेत," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग फ्रिजकडे गेल्या आणि वाकल्या.

मागच्या भिंतीवर बोटभर बर्फ होता. बाटल्यांचं खोकं त्या बर्फाला चिकटून बसलेलं. ओढलं तेव्हा चर्र आवाज झाला. थर्मामीटर शून्याच्या खाली तीन दाखवत होता.

"भाऊसाहेब, वही आणा."

वही आणली. सिस्टर ओळीवरून बोट फिरवत आल्या.

"आज सकाळी चार."

"हो."

"आज संध्याकाळी चार."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सकाळचे साडेअकरा झाले होते.

"उद्या सकाळी चार. उद्या संध्याकाळी चार. भाऊसाहेब, उद्या संध्याकाळचं तापमान तुम्हाला आज कसं हो कळलं?"

"अनुभव," मी म्हणालो.

आयुष्यात मी पुष्कळ विनोद केले. लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्या दिवशी सिस्टरांच्याही आलं, पण ते हसून आलेलं नव्हतं.

मग शिपाईमामांना बोलावणं गेलं. मामा म्हणजे फ्रिजचे पालनकर्ते. रोज सकाळी ते त्याला ओल्या फडक्यानं पुसत आणि दार लावताना ‘हं, आता गप बस’ म्हणत. त्यांनी गुन्हा तिथल्या तिथं कबूल केला, कारण तो गुन्हा आहे हे त्यांना माहीतच नव्हतं.

"उकाडा केवढा होता, बाई! आपली लाही लाही होतेय, म्हटलं लसींना तरी गारवा मिळू दे. बटण तीनवर होतं, ते सातवर नेलं. जितकं गार तितकं चांगलं ना?"

लस उष्णतेनं बिघडते, हे सगळ्या जगाला ठाऊक असतं. काही लसी गोठल्या तरीही बिघडतात, हे नेमकं फ्रिजच्या बटणापाशी उभ्या असलेल्या माणसाला कोणी सांगितलेलं नसतं.

"बटण कधी फिरवलंत, मामा?"

"माझी अक्कलदाढ काढली, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

तारीख रजेच्या वहीत सापडली. रजेची वही आमच्याकडे खरी असते. तिच्यावर सगळ्यांचं लक्ष असतं. हिशेब लागला, अकरा आठवडे. त्या अकरा आठवड्यांत त्या फ्रिजमधली लस टोचलेली मुलं निघाली एकशे त्रेसष्ट. यादी मीच उतरवली. त्यात एक माझी नात होती. तिचं नाव मी सगळ्यात शेवटी लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं, याचं मला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या टेबलावर परीक्षा झाली. डॉक्टर म्हणजे केंद्राचे प्रमुख. वय तिशीच्या आत, कपाळावरच्या आठ्या पन्नाशीच्या. सिस्टरांनी शेजारच्या केंद्रातून चांगल्या लसीची बाटली मागवली होती. ती आणि आमची, दोन्ही हातात धरून त्यांनी जोरजोरात हलवल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. हलवल्यावर दोन्ही सारख्याच दुधी दिसत होत्या.

"आता अर्धा तास बघत बसायचं," सिस्टर म्हणाल्या.

आम्ही चौघं बसलो. पंखा फिरत होता. मी आयुष्यात कुठल्याही बाटलीकडे इतका वेळ आणि इतक्या गंभीरपणे पाहिलेलं नाही. दहा मिनिटांनी आमच्या बाटलीत वरच्या बाजूला पाणी दिसायला लागलं. वीस मिनिटांनी खाली पांढरा गाळ आणि वर नितळ पाणी. शेजारची बाटली तशीच एकसारखी दुधी. सिस्टरांनी फ्रिजमधल्या आणखी सहा बाटल्या हलवून ठेवल्या. सहाही बसल्या. मामा हुंदका देऊन बाहेर गेले.

"अपाय नाही होत हिनं," सिस्टर म्हणाल्या. "पण उपयोगही नाही. एकशे त्रेसष्ट मुलांना आपण नुसती सुई टोचली. आणि वस्तीत घटसर्प आलाय."

डॉक्टरांनी डोळे मिटले, उघडले, आणि एक चांगली योजना सांगितली. ती चांगली होती, हे मी आजही म्हणतो. ‘विशेष जादा मात्रा सप्ताह’ जाहीर करायचा. फलक लावायचा. सगळ्या मुलांना पुन्हा टोचायचं. का, ते कोणाला सांगायचं नाही.

"सिस्टर, मूल सुरक्षित झाल्याशी कारण. खरं सांगितलं तर उद्या एक घर दार उघडणार नाही. लोक लसीचंच नाव टाकतील. सव्वीस वर्षं तुम्ही जोडलेली माणसं एका दिवसात तुटतील. झाकली मूठ आहे, झाकलेलीच ठेवू."

"आणि आईनं विचारलं, जादा कशाला, तर?"

"वरून आदेश आहे, म्हणायचं."

"आहे का?"

"मागवलाय."

"आदेश?"

"आदेश मागवण्याची परवानगी," डॉक्टर म्हणाले, आणि इतके लाल झाले की मला त्यांची दया आली. खात्यात नवीन होते बिचारे.

सिस्टरांनी नकारार्थी मान हलवली. पण फलक लागला. त्यांचं म्हणणं असं की मुलं आधी, वाद मागाहून. सप्ताहाच्या सातही दिवशी त्या सकाळी आठपासून सुई, कापूस आणि बाटल्या घेऊन बसल्या. आले किती? अडतीस. आणखी एक आजोबा आले होते, जादा मात्रेत गुडघ्यासाठी काही आहे का विचारायला. बाकीच्या आयांनी रस्त्यातूनच सांगितलं, "आमचं झालंय हो सगळं. कार्ड पूर्ण आहे. पोराला उगाच कशाला दोनदा रडवायचं?"

बरोबरच होतं त्यांचं. कार्ड पूर्ण असल्याचं त्यांना आम्हीच सांगितलं होतं.

आठव्या दिवशी सिस्टर डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच होतं, आणि माझं टेबल दाराला लागून असणं हा काही माझा दोष नाही.

"राहिली एकशे पंचवीस," सिस्टर म्हणाल्या. "त्यांना खरं कारण कळल्याशिवाय ती यायची नाहीत. मी घरोघर जाऊन सांगणार आहे. आणि जी अडतीस आली, त्यांनाही."

"त्यांना का? त्यांचं टोचून झालंय ना?"

"टोचून झालंय. सांगून नाही झालं. आपल्या मुलाच्या अंगात काय गेलं आणि का गेलं, हे त्या बाईला माहीत असायला नको?"

"आणि मी नाही म्हणालो तर?"

"तर मी रजा टाकून सांगीन."

डॉक्टरांनी एक कोरा कागद ओढला आणि स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत दिलेली लस गोठल्यामुळे निकामी झाली होती, चूक केंद्राची आहे, पुन्हा लस देणं आवश्यक आहे. सही करायच्या आधी त्यांनी पेन दोनदा झटकलं. शाई भरपूर होती.

"भाऊसाहेब," सिस्टर बाहेर येऊन म्हणाल्या, "चपला घाला. तुम्हीही यायचंय."

"मी? मी कशाला? मी तर फक्त लिहितो."

"म्हणूनच. लिहिलेलं आता वाचून दाखवा. प्रत्येक दारात."

पण त्या आधी सिस्टर एकट्याच मोठ्या रुग्णालयात जाऊन आल्या, त्या नऊ महिन्यांच्या मुलीच्या आईकडे. तिथं काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. परत आल्या तेव्हा त्यांच्या बाहीची शिवण खांद्यापासून कोपरापर्यंत उसवलेली होती. त्यांनी पिशवीतून एक पिन काढली, बाही जोडली आणि यादी मागितली. मुलगी मात्र नळीशिवाय श्वास घ्यायला लागली होती. तेवढं त्यांनी सांगितलं.

यादी वरून खाली वाचत त्या शेवटी आल्या आणि थांबल्या.

"ही तुमचीच नात ना?"

"हो. शेवटी आली. योगायोग."

"मग पहिलं घर तेच."

मी म्हणालो, जवळच्या घरांपासून सुरुवात केलेली बरी. त्या म्हणाल्या, यापेक्षा जवळचं कुठलं?

सूनबाईनं दार उघडलं तेव्हा नात तिच्या कडेवर होती आणि माझा चष्मा नातीच्या तोंडात. मी सकाळी विसरलो होतो. सूनबाई शाळेत गणित शिकवते, त्यामुळे आमच्या घरात आकड्यांबद्दल सहसा कोणी थापा मारत नाही. मी घसा साफ केला आणि वाटेत जुळवलेलं वाक्य म्हटलं, "सूनबाई, काही तांत्रिक कारणांस्तव शीतसाखळीत उद्भवलेल्या..."

"बाबा, काय झालंय?"

सिस्टर माझ्याकडे नुसत्या बघत होत्या.

"लस गोठून खराब झाली होती," मी म्हणालो. "फ्रिज मी बघायचा होता. बघितला नाही. वहीत खोटे आकडे लिहिले. हिला पुन्हा टोचायला लागेल."

सूनबाई रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं मुलीच्या तोंडातून चष्मा काढला, पदराला पुसला, माझ्या हातात दिला आणि चपला घालून थेट केंद्राच्या रस्त्याला लागली. त्यानंतर बावीस दिवस ती माझ्याशी नातीमार्फत बोलली. "सांग आजोबांना, जेवण वाढलंय." "विचार आजोबांना, दिवा विझवू का?" नात आठ महिन्यांची. तिनं एकही निरोप पोचवला नाही. पण घर चाललं.

तिथून मग रोज सकाळी सातला निघायचं. पुढे सिस्टर, मागे लसीची थंड पेटी खांद्याला लावून मामा, आणि त्यांच्या मागे यादी घेऊन मी. वस्तीतली कुत्रीसुद्धा आम्हाला ओळखायला लागली. प्रत्येक दारात सिस्टर सांगायच्या की अमुक महिन्यांत दिलेली लस फुकट गेली. मग माझ्याकडे बघायच्या. मग मी माझं वाक्य म्हणायचो. पहिल्या दिवशी ते चार ओळींचं होतं. तिसऱ्या दिवसापर्यंत झिजून चार शब्दांचं झालं, ‘मी खोटं लिहिलं होतं’. एवढंच म्हटलं की पुढचं लोक स्वतःच बोलत.

आणि बोलले. एका बाईनं पाणी आणून दिलं होतं. वाक्य ऐकल्यावर माझ्या हातातला पेला काढून घेतला. अर्धा प्यायलेला होता. एका आजीनं मला जवळ बोलावलं, "वाक जरा" म्हणाली, आणि वाकल्यावर कान पिळला. सत्तावन्नाव्या वर्षी. एका गृहस्थांनी तक्रार करीन म्हणून दम भरला, तर सिस्टरांनी त्यांना साहेबांचा पत्ता दिला, कागद दिला, माझ्याच खिशातलं पेन काढून दिलं.

"जरूर करा. पण आधी बाळाला आणा."

"आधी तक्रार!"

"मग लिहा. आम्ही थांबतो."

त्यांनी दोन पानं लिहिली. तोवर सिस्टरांनी त्यांच्या बायकोशी बोलून बाळाला टोचूनसुद्धा घेतलं. बाळ रडलं तेव्हा गृहस्थांनी वर पाहिलं आणि ‘निष्काळजीपणा’तला दुसरी वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, ते मला विचारलं. मी सांगितलं. माझ्याविरुद्धच्या अर्जात तरी चुका नसाव्यात.

डॉक्टरांची भीती अगदीच खोटी नव्हती. सात घरांनी पहिल्या फेरीला दार लावून घेतलं. दोघींनी लसीचं कार्डच फाडून आमच्या पायाशी टाकलं. सिस्टरांनी तुकडे उचलून पिशवीत ठेवले आणि यादीत त्या घरांपुढे पेन्सिलीनं ‘गुरुवार’ असं लिहिलं. गुरुवारी पुन्हा गेलो. मग सोमवारी. पाचव्या फेरीला एक दार उघडायच्या आधीच आतून आवाज आला, "आल्या वाटतं? थांबा, पोराला अंघोळ घालतेय."

सगळ्यात कठीण निघाली शिवणकाम करणारी. नवऱ्याच्या मागे दोन जुळी पोरं तिनं मशीनवर वाढवत आणलेली. लसीच्या ती आधीपासून विरोधात. सिस्टरांना तिनं सात वेळा परत पाठवलं होतं आणि आठव्या वेळी पोरं पुढे केली होती, ती नेमकी त्या अकरा आठवड्यांत.

माझं वाक्य होईपर्यंत तिचं मशीन चालूच होतं. मग पाय थांबला.

"आठव्या वेळी मी काय म्हणाले होते, सिस्टर?"

"लस बघून नाही देत, तुमच्याकडे बघून देते, म्हणाला होतात."

"मग आता कोणाकडे बघू? यांच्याकडे?" तिनं सुईच्या टोकानं माझ्याकडे दाखवलं.

"कोणाकडेच नको," सिस्टर म्हणाल्या. "लसीकडेच बघा."

त्यांनी पिशवीतून आमची खराब बाटली काढली, मामांच्या पेटीतून एक चांगली. दोन्ही शिवणवालीच्या हातात दिल्या. "हलवा. जोरात. आता ठेवा मशीनवर."

अर्धा तास. शिवणवालीनं तेवढ्यात एका सदऱ्याला काजं केली. पण दर टाक्याला नजर बाटल्यांवर. कपड्याच्या विणीतला एक निसटलेला धागा हाताभरावरून हेरणारे डोळे ते. दहाव्या मिनिटालाच ती म्हणाली, "डावी बसली." अर्धा तास झाल्यावर तिनं उजवी बाटली उचलून दिव्यासमोर धरली, तिरपी केली, सरळ केली, पुन्हा तिरपी केली.

"ही टोचणार?"

"हीच. तुमच्या डोळ्यांदेखत फोडते."

"हे आधी का नाही दाखवलं कोणाला?"

सिस्टर म्हणाल्या, "चुकलंच. मीही रोज बघायला हवं होतं. वहीवर भरवसा ठेवला."

शिवणवालीनं एकेक पोर मांडीवर घेतलं. टोचून झाल्यावर दोघांनी मिळून जो आवाज लावला, त्यात तिचं शेवटचं बोलणं मला ओठांवरूनच कळलं. "माफ केलेलं नाही हं. लस वेगळी, माफी वेगळी."

"बरोबर आहे," सिस्टर म्हणाल्या आणि दुसऱ्या मात्रेची तारीख कार्डावर लिहिली.

सव्विसाव्या दिवशी आकडा एकशे बासष्टवर आला. डॉक्टरांनी सगळ्यांना चहा मागवला. दरम्यान वरून चौकशी येऊन गेली होती. माझ्या सेवापुस्तिकेत एक ठसठशीत परिच्छेद पडला होता, मामांना ताकीद मिळाली होती, डॉक्टरांना परवानगीशिवाय खरं बोलल्याबद्दल खुलासा मागितला होता. तरी ते खुशीत होते. सप्ताहात अडतीस मुलं आली होती, खरं सांगितल्यावर एकशे चोवीस, हे त्यांनी स्वतः फळ्यावर लिहून ठेवलं होतं.

"नव्व्याण्णव टक्क्यांच्या वर, सिस्टर! कुठल्याही परीक्षेत पहिला नंबर!"

"एक राहिलंय."

"ते कुटुंब गाव सोडून गेलंय. बांधकामावरची माणसं. पत्ता नाही, फोन नाही. असं धरून चालावंच लागतं."

"त्या बाळाला नव्व्याण्णव टक्के टोचता येत नाही, डॉक्टर. एक तर टोचलंय, नाही तर नाही."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "पत्ता कुठून आणणार?"

पत्ता शिवणवालीकडून आला. त्या बाळाची आई जायच्या आधी तिच्याकडे बाळाचं झबलं शिवायला टाकून गेली होती. ‘नदीवरच्या नव्या पुलापलीकडे काम आहे, महिन्याभरानं कोणाबरोबर तरी झबलं पाठवा,’ असं सांगितलं होतं. झबलं तयार होतं. शिवणवालीनं ते कागदात बांधून माझ्या हातात ठेवलं. "हरवू नका. आणि तिथं गेल्यावर तुमचं ते वाक्य नीट म्हणा."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं आम्ही दोघं निघालो. मामांना फ्रिजपाशी ठेवलं; तसंही ते आता तिथून हलत नव्हते. पेटी माझ्या मांडीवर. चार तासांत तीन जणांनी मला विचारलं, मासे आहेत का. पुलापलीकडे उतरलो तर नवी बांधकामं एक नाही, सहा. प्रत्येक ठिकाणी मुकादम भेटायचा, आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळायचा आणि कुठल्या तरी तपासणीची माणसं समजून ‘साहेब जेवायला गेलेत’ म्हणायचा. सकाळी साडेनऊ वाजता! मला त्या माणसांबद्दल आपुलकी वाटली. सिस्टर प्रत्येकाला एकच सांगत होत्या, साहेब नकोत, बाळ हवंय.

पाचव्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर ती सापडली. कठडा नसलेल्या जिन्यानं सिस्टर वर गेल्या, मीही गेलो, कंबरेला विचारलं नाही. बाई विटा रचत होती, बाळ वाळूच्या ढिगाजवळ फडक्यावर झोपलेलं. मी झबलं दिलं. मग घसा साफ न करता वाक्य म्हटलं. ती ऐकत राहिली. मग सिस्टरांकडे वळली.

"एवढ्यासाठी इतक्या लांब आलात?"

"एवढ्यासाठीच."

"अहो, मला कळलंही नसतं."

"ते खरं," सिस्टर म्हणाल्या. "हात धुवायला पाणी आहे का इथं?"

बाळ झोपेत होतं ते खडबडून जागं झालं आणि त्यानं सगळी इमारत डोक्यावर घेतली. त्या आवाजानं खालच्या मजल्यावरून एक बाई वर आली, तिच्या मागून आणखी एक, दोघींच्या कडेवर एकेक मूल. काय चाललंय, काय टोचतायत, कशाचं, पुन्हा का? बांधकामावरच्या बाईनं आमचं सगळं प्रकरण त्यांना तिथल्या तिथं सांगून टाकलं, माझ्या वाक्यासकट. अगदी मी म्हणतो तसंच म्हणून दाखवलं. दोघी माझ्याकडे बघून हसल्या.

"आमच्यांना तर अजून एकदाही नाही मिळालेली," एक म्हणाली. "इथं कोणी येतच नाही. वर्षाच्या आतली पाच आहेत या साइटवर."

सिस्टरांनी हातातल्या बाटलीकडे पाहिलं. दहा मुलांची बाटली, एक मात्रा वापरलेली. फोडली की ठरल्या वेळात संपवायची, नाही तर टाकून द्यायची.

"सिस्टर," मी हळूच म्हणालो, "परतीची बस साडेबाराची आहे. आणि ही मुलं आपल्या केंद्राच्या हद्दीत येत नाहीत. लिहिताना अडचण येईल."

"लिहिताना खरं लिहा. अडचण येणार नाही."

"पण त्यांना सांगणार काय? आपण कोण, कुठले, लस कशी—"

"तेच सांगणार, जे दारोदार सांगत आलो. बाटली हलवून दाखवू. ज्यांना पटेल त्या देतील." त्यांनी बाह्या वर सारल्या आणि खाली वाकून जिन्यात हाक मारली, "सगळ्यांना बोलवा. बाळांच्या आयाच हव्यात, बाकीच्यांनी गर्दी करू नका."

एका बाईनं तिचं मूल माझ्या हातात दिलं, कारण तिला खालच्या आयांना आणायला जायचं होतं. मुलानं माझ्याकडे पाहिलं, विचार केला, आणि माझा सदरा ओला केला.

"नीट धरा, भाऊसाहेब," सिस्टर सुईचं पाकीट फोडत म्हणाल्या. "उजवी मांडी मोकळी ठेवा. आणि तुमचं वाक्य म्हणायला लागा, त्या वर येतायत."